खाली भट्टी, वर घर : खाण्याच्या ओढीशी झगडणाऱ्या एका मुलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी या कुटुंबाचं फरसाणाचं दुकान आहे. रस्त्याच्या बाजूला दुकान, मागे भट्टी, वर राहती जागा. शेव, पापडी, भडंग, चिवडा, सकाळी कचोरी, आणि संध्याकाळी साडेसहाला गरम शेवेचा घाणा. त्या वेळेला बाहेर गिऱ्हाईक थांबलेलं असतं. आजोबांनी सुरू केलेला धंदा आता वडील बघतात. आई पॅकिंग आणि हिशेब सांभाळते, आजी सगळ्यांवर लक्ष ठेवते. थोरला मुलगा १४ वर्षांचा, नववीत. त्याला इथे अथर्व म्हणते. नाव बदललेलं आहे, आणि घर ओळखू येईल असे आणखीही काही तपशील बदलले आहेत.

वजनाचे आकडे मी मुद्दाम देत नाही. असं काही वाचताना मुलं आणि पालक लगेच स्वतःशी तुलना करायला लागतात. शिवाय या प्रकरणातला एकही महत्त्वाचा निर्णय किलोवर ठरला नव्हता. एवढं सांगणं पुरे की भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वयासाठी जे वाढीचे तक्ते दिले, त्यात अथर्व लठ्ठपणाच्या रेषेच्या वर होता. हे तक्ते प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) जुळणाऱ्या रेषा वापरतात, कारण आपल्याकडे कमी वजनावरही मधुमेहाचा धोका सुरू होतो. त्याची मान मागून काळपट, जाडसर झाली होती. आई ती कित्येक महिने डाळीचं पीठ लावून घासत होती. तो मळ नव्हता. शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसलं की त्वचेवर अशी खूण उमटू शकते. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा आईला रडू आलं, कारण त्या मानेवरून घरात मुलाला किती बोलणी बसली होती ते तिलाच माहीत होतं.

थायरॉईड ठीक होतं, साखरही मर्यादेत होती. मी मुलांच्या खाण्याच्या सवयींवर काम करते. बालरोगतज्ज्ञांनी त्याला माझ्याकडे पाठवलं ते चिठ्ठीवर एकच ओळ लिहून : "काय खावं ते याला पाठ आहे, थांबणं जमत नाही."

आधी काय झालं होतं

शहरातल्या एका आहारतज्ज्ञांकडून तक्ता आणलेला होता. त्यात सकाळी ओट्स, दुपारी सॅलड, रात्री सूप. घरात रोज ज्वारीची भाकरी आणि कालवण होत असताना एका मुलासाठी वेगळं सूप करायचं, हे काही आठवडे चाललं आणि थांबलं. मग वडिलांनी कडक धोरण घेतलं. अथर्वने भट्टीकडे फिरकायचं नाही, कामगारांनी त्याच्या हातात काही द्यायचं नाही, आणि दिसला तर सांगायचं. याचा परिणाम असा झाला की तो रात्री सगळे झोपल्यावर खाली उतरून अंधारात पिंपातली शेव खाऊ लागला. एकदा चुलत भावाने पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर त्याचा तमाशा झाला.

पालकांच्या बाजूने इथे एक गोष्ट सांगायला हवी. वडील निष्ठुर नव्हते. त्यांचे स्वतःचे वडील मधुमेहाने गेले होते आणि त्यांना मुलाची खरी भीती वाटत होती. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "मॅडम, आमचा धंदाच खायचा आहे. पोराला लपवू कुठं?"

अडचण नेमकी काय होती

मी त्याला दोन आठवड्यांची वही ठेवायला सांगितली. किती खाल्लं, कॅलरी किती, यातलं काहीही लिहायचं नाही. फक्त वेळ, जागा, आणि खाण्याआधी पोटात भूक होती का. वही घरात कुणी उघडायची नाही हे वडिलांकडून कबूल करून घेतलं. त्याशिवाय त्याने खरं लिहिलं नसतं.

वहीतून दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. पहिली म्हणजे साधी उपासमार. सकाळी दूध पिऊन शाळा, साडेबाराला डबा, नंतर थेट क्लास, आणि क्लासवरून साडेसहाला दुकानात. सहा तास पोटात काही नाही आणि समोर कढईतून निघणारी शेव. अशा वेळी कुणीही खाईल. त्याला मोह म्हणायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट वेगळी होती. काही दिवशी क्लासला सुट्टी असायची, तो चारला घरी जेवलेला असायचा, आणि तरी साडेसहाला त्याचा हात परातीत जायचा. नंतर गल्ल्यावर बसला की दर थोड्या वेळाने एक मूठ. त्याच्याच शब्दांत : "मला भूक नसते मॅडम. पण घाणा निघाला की हात जातोच."

हे वाक्य मला फार मोलाचं वाटलं, कारण यामागची प्रक्रिया चांगली अभ्यासलेली आहे. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांतल्या कुत्र्यांना अन्नाआधी येणाऱ्या खुणेने लाळ सुटायची. नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्त विद्यापीठातल्या अनिता यान्सेन यांनी १९९० च्या दशकात हाच विचार अति खाण्याला लावला. वास, वेळ, जागा, भांड्याचा आवाज, एखादी मनःस्थिती, यांच्यापाठोपाठ पुन्हा पुन्हा चविष्ट खाणं आलं की या खुणाच शरीराला तयारीला लावतात. लाळ सुटते, ओढ वाढते, आणि माणसाला ती भुकेसारखीच वाटते. अथर्वच्या बाबतीत झाऱ्याचा कढईवर आपटण्याचा आवाज ही खूण होती. त्या आवाजानंतर त्याने आयुष्यात हजारो वेळा गरम शेव खाल्ली होती. इच्छाशक्ती कमी, जिभेवर ताबा नाही, अशी जी लेबलं त्याला चिकटली होती ती या शिक्षणाचा हिशेबच धरत नव्हती.

तपासणीत आणखी एक प्रश्न सोडवणं भाग होतं. चोरून, रात्री, लाज वाटत खाणं हे अति खाण्याच्या विकाराचंही लक्षण असू शकतं. खाताना ताबा पूर्ण सुटतो का, नंतर उलटी काढतो का, उपाशी राहून भरपाई करतो का, मन खचलेलं आहे का, हे मी त्याला एकट्याला बसवून विचारलं. उलट्या नव्हत्या, उपास नव्हते. रात्रीचं खाणं बंदीनंतर सुरू झालेलं होतं. शाळेत 'जाड्या' म्हणून चिडवतात याचं दुःख खोल होतं, पण झोप, अभ्यास, मित्र यांतला रस टिकून होता. उत्तरं वेगळी आली असती तर पुढे लिहिलेला सराव मी हाती घेतला नसता. मुलाला खाण्याचा विकार असेल तर आधी त्याचे उपचार, आणि तेही त्या विषयात मुरलेल्या माणसाकडे.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय कुटुंबाने स्वतः आणला होता : मुलाला मामाकडे शहरात शिकायला ठेवायचं. वजनाच्या उपचारात मोहाचे पदार्थ नजरेआड करणं हा जुना आणि चांगला मार्ग आहे. बहुतेक घरांना मी आजही आधी तोच सांगते : फरसाणाचा डबा समोर ठेवू नका, आणून साठवू नका. या घरात तो शक्य नव्हता, म्हणून मुलालाच घरातून हलवायचा विचार आला. मी विरोधात मत दिलं. एक तर त्याला ती शिक्षा वाटली असती. दुसरं म्हणजे तो सुट्टीत घरी येणारच होता, आणि पुढे कदाचित हेच दुकान चालवणार होता. लांब राहून खुणांची ताकद जात नाही, ती तिथेच थांबलेली असते.

दुसरा पर्याय संपूर्ण कुटुंबासह केलेला वर्तन-उपचार. अमेरिकेत लेनर्ड एपस्टाइन यांनी अनेक वर्षं हा मार्ग तपासला. पदार्थांची लाल, पिवळी, हिरवी अशी सिग्नलसारखी विभागणी, पालकांनीही स्वतःच्या सवयी बदलणं, नोंदी, कौतुक. मुलांच्या लठ्ठपणावर सर्वांत भक्कम पुरावा याचाच आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी ३ ते १२ महिन्यांत निदान २६ तास समोरासमोर काम अपेक्षित धरलं आहे. तालुक्याच्या गावी असं केंद्र नाही, आणि धंद्यामुळे आईवडील दोघं एका वेळी येणं कठीण. यातला काही भाग घ्यायचा ठरलं : जेवणाच्या वेळा, सगळ्या घरासाठी एकच स्वयंपाक, आणि पालकांनी टोमणे थांबवणं.

तिसरा औषधाचा. भूक कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाला १२ वर्षांवरच्या मुलांसाठी अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली, आणि वडिलांनी मोबाइलवर हे वाचलेलं होतं. बालरोगतज्ज्ञांनी आताच नको असा निर्णय दिला. आधी जेवणाची घडी बसवून पाहायची, तपासण्या दर काही महिन्यांनी, आणि गरज वाटली तर पुन्हा विचार. मला तो रास्त वाटला.

चौथा पर्याय अथर्वला फार आवडला असता. स्क्रीनवर खाण्याची चित्रं येतात, काहींना बटण दाबायचं, तळलेल्या-गोड पदार्थांना हात आवरायचा. हूबेन आणि यान्सेन यांनी २०११ मध्ये चॉकलेटच्या बाबतीत असा सराव करून पाहिला आणि त्यानंतरच्या चाचणीत खाणं कमी झालेलं दिसलं. पण अथर्वची खूण चित्रात नव्हती, ती वासात आणि आवाजात होती. मोबाइलवर शिकलेलं भट्टीपाशी कितपत उतरेल याची मला शंका वाटली.

पाचवा पर्याय खुणेच्या समोर बसून सराव. पदार्थ जवळ घ्यायचा, वास घ्यायचा, ओढ वाढू द्यायची, आणि न खाता त्या ओढीबरोबर थांबायचं. अमेरिकेतल्या केरी बूटेल यांनी २०११ मध्ये ८ ते १२ वर्षांच्या जाड मुलांवर आणि त्यांच्या पालकांवर दोन पद्धती तपासल्या : एकीत पोटाची भूक ओळखायला शिकवायचं, दुसरीत मोहाच्या पदार्थासमोर थांबायला. मास्त्रिख्तच्या गटाने २०१८ मध्ये लठ्ठ किशोरांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सराव केलेल्या मुलांनी नंतर सरावातला पदार्थ कमी खाल्ला, आणि सरावात नसलेलाही. त्याच गटाच्या २०१६ च्या, प्रौढ स्त्रियांवरच्या अभ्यासात मात्र फरक फक्त सरावातल्या पदार्थापुरता दिसला होता. म्हणजे पद्धत आशादायक आहे, पण अभ्यास लहान आहेत आणि वर्षानुवर्षं काय होतं याचं चित्र अजून पुरं नाही. पालकांना मी हे असंच सांगितलं.

आम्ही दुसऱ्यातला काही भाग आणि पाचवा मिळून घ्यायचं ठरवलं. माझ्या मते या प्रकरणाचा कणा हाच आहे. ज्याला रोज मोहाच्या शेजारी राहायचं आहे त्याला लांब राहण्याचा सल्ला उपयोगी पडत नाही. त्याला जवळ राहण्याचं शिक्षण द्यावं लागतं, आणि ते पायरीपायरीने देता येतं.

काय केलं

आधी पोट. क्लास सुटल्यावर उपाशीपोटी थेट दुकानात यायचं नाही. क्लासला जाण्याआधी, पाच वाजता, बसून भाकरी-भाजी किंवा पोळी-उसळ. आईने डब्याबरोबर दुसरा डबा द्यायला सुरुवात केली आणि क्लासच्या सरांनी बाकावर बसून खायला परवानगी दिली. या एका बदलाने संध्याकाळचं निम्मं वादळ शमलं. सरावाआधी हे होणं अत्यंत गरजेचं असतं. उपाशी मुलाला मोहासमोर बसवणं हा छळ आहे, त्यातून तो काहीच शिकत नाही.

त्याबरोबर भुकेचा आकडा. ० म्हणजे पोट रिकामं, १० म्हणजे तुडुंब. खाण्याआधी पोटावर हात ठेवून आकडा ठरवायचा. पहिले काही दिवस तो सगळीकडे ५ लिहीत होता. मग एकदा त्याने विचारलं, "मॅडम, पोट सातवर असलं आणि तरी खावंसं वाटलं तर ते कुठं लिहायचं?" तिथून आम्ही ओढीचा वेगळा रकाना केला.

पहिल्या बैठका माझ्या खोलीत झाल्या. त्याने घरूनच शेव आणली. आधी तो लिहायचा की काय होईल असं वाटतं. त्याचं पहिलं भाकीत होतं : "पाच मिनिटांत खाणार. नाही खाल्ली तर डोकं दुखणार." मग पुडी उघडायची, शेव हातात घ्यायची, नाकाजवळ धरायची, पुन्हा ठेवायची, आणि अधूनमधून ओढीचा आकडा सांगायचा. आकडा आधी चढला, नऊपर्यंत गेला. बराच वेळ तिथेच राहिला. मग सहावर आला. डोकं दुखलं नाही. शेवटी त्याने वहीत आपलं भाकीत आणि प्रत्यक्षात काय घडलं ते शेजारी शेजारी लिहिलं.

इथे एक बारकावा आहे जो पालकांना पटवून द्यावा लागतो. ओढ शून्यावर आली पाहिजे असा बैठकीचा हेतू नसतो. कधी ती उतरते, कधी उतरत नाही. मुलाने शिकायचं असतं ते हे की ओढ चढली म्हणजे खाणं अटळ नाही. खूण आणि खाणं यांची जुनी जोड पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी जोड तयार होते. म्हणून भाकीत आणि घटना यांत जितकं अंतर, तितकं शिकणं पक्कं, असं या पद्धतीत धरलं जातं.

आजीचा आक्षेप

पुढच्या पायरीवर पद्धत घराशी अडली. परदेशी पद्धतीत बऱ्याचदा मूल पदार्थ ओठांना लावतं किंवा छोटा घास घेतं आणि उरलेलं स्वतःच्या हाताने टाकून देतं. त्या टाकण्यालाही अर्थ असतो. हे घरी करून पाहायला सांगितलं तेव्हा आजींनी स्पष्ट सांगितलं, "अन्न टाकायचं? मी जिवंत असेपर्यंत या घरात ते व्हायचं नाही." ओठाला लावलेलं उष्टं, ते पिंपात परत जाऊ शकत नाही, आणि कचऱ्यात टाकणं म्हणजे अन्नाचा अपमान.

मी आजींशी वाद घातला नाही. त्या घरात अन्न हाच देव आणि अन्नावरच पोट होतं, तिथे कागदावरची पायरी रेटली असती तर सगळा सराव घरच्यांच्या नजरेत पाप ठरला असता. दोन मार्ग होते : ती पायरी गाळायची, किंवा तिला घरातलं रूप द्यायचं. तोडगा आजींनीच काढला. सरावाला घ्यायची ती चिमूटभरच, आणि संपल्यावर गच्चीवर कावळ्याला घालायची. काकबळीची सवय असलेल्या घरात ते सहज बसलं. अथर्व स्वतः गच्चीवर जाऊन ठेवून यायचा, म्हणजे पदार्थ स्वतःच्या हाताने सोडून देणंही शाबूत राहिलं. शिवाय आजी त्या दिवसापासून आमच्या बाजूच्या झाल्या, आणि ते मला त्या पायरीपेक्षाही महत्त्वाचं वाटलं.

खोलीतून भट्टीपाशी

माझ्या खोलीत शिकलेलं दुकानात आपोआप उतरत नाही. जुनी जोड नव्या जागेत, नव्या वेळी पुन्हा डोकं वर काढते हे प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्या प्रयोगांत वारंवार दिसलेलं आहे. म्हणून सराव जागोजागी न्यायचा होता. आधी दुकान बंद असताना, थंड शेवेसमोर. मग चालू दुकानात गल्ल्यावर. सगळ्यात शेवटी संध्याकाळी साडेसहाला, भट्टीच्या दाराशी, घाणा निघताना.

शेजारी कोण बसणार हा प्रश्न होता. वडील त्या वेळी कामात असत, आणि त्यांच्या नजरेखाली अथर्व आक्रसून जायचा. आईला बसवलं. तिला काम एकच दिलं : अधूनमधून आकडा विचारायचा. शाबास म्हणायचं नाही, "बघ, जमलं ना" म्हणायचं नाही, चेहऱ्यावर चिंताही दाखवायची नाही. तिला हे अवघड गेलं. पण न खाण्याचं कौतुक सुरू झालं की सराव परीक्षा बनतो, आणि ज्या दिवशी मूल खातं त्या दिवशी ते नापास होतं. नापास झालेलं मूल लपवतं. या घरात लपवण्याचा इतिहास ताजा होता.

वडिलांशी स्वतंत्र बसून बोलले. गिऱ्हाइकांसमोर खाण्यावरून एक शब्द नाही, कामगारांनी पाळत ठेवणं बंद. आणि शेवेवरची बंदी उठवायची. आठवड्यातून दोनदा, पोहे किंवा मिसळीबरोबर, वाटीत घेऊन, सगळ्यांबरोबर बसून शेव खायची. वडिलांना हे उलटं वाटलं. मी त्यांना फिशर आणि बर्च यांचा १९९९ चा अभ्यास सांगितला : एखादा पदार्थ डोळ्यांसमोर ठेवून त्यावर बंदी घातली की मुलांचं लक्ष आणि ओढ त्याच पदार्थाकडे वाढते. त्यांनी थोडा वेळ विचार करून विचारलं, "म्हणजे मी रागवत होतो, त्यानं ते जास्त होत होतं का?" मी म्हटलं, तुम्ही काळजीपोटी करत होतात, पण हो, काही अंशी.

भट्टीपाशीचे पहिले काही दिवस कठीण गेले. दोनदा त्याने मूठ भरून खाल्ली आणि वहीत लिहिलं. लिहिलं, ही माझ्यासाठी मोठी बातमी होती. हळूहळू भाकीत बदलत गेलं. "खाणारच"च्या जागी "खावंसं वाटेल" आलं.

दिवाळी

सराव रुळत होता तेवढ्यात फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्या. दुकान रात्री अकरापर्यंत, चकली आणि शंकरपाळ्यांचे डबे जिन्यापर्यंत, सगळं घर कामाला. पाच वाजताचा डबा बंद पडला, झोप कमी झाली, सराव थांबला. अथर्व पॅकिंगला बसायचा आणि खायचा. दिवाळीनंतर आला तो मान खाली घालून. "सगळं वाया गेलं," म्हणाला.

इथे निर्णय असा होता : पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करायचं, की जिथे थांबलो तिथून? पहिल्यापासून सुरू केलं असतं तर "सगळं वाया गेलं" यावर मीच शिक्का मारला असता. आम्ही थेट भट्टीपाशी बसलो. त्याचं भाकीत पुन्हा "खाणारच" असं होतं. ते त्याच संध्याकाळी खोटं ठरलं, आणि ते त्याच्या स्वतःच्या अक्षरात लिहिलं गेलं. शिकलेलं पुसलं गेलं नव्हतं, जुनी जोड काही दिवस वरचढ झाली होती इतकंच. हे मी सांगण्यापेक्षा वहीने सांगितलं ते बरं झालं.

निष्पत्ती

वर्षअखेरीस काय दिसलं ते जसंच्या तसं सांगते. संध्याकाळी दुकानातलं मुठीमुठीने खाणं बरंच कमी झालं, बंद झालं नाही. रात्री खाली उतरणं थांबलं. यातलं किती श्रेय सरावाचं आणि किती बंदी उठण्याचं, हे एका मुलावरून सांगता येणार नाही. माझा कौल निम्मा-निम्मा. वजन उतरलं नाही, पण वाढणं मंदावलं आणि त्याच काळात उंची वाढली, त्यामुळे तक्त्यावरची रेघ खाली वळली. वाढत्या वयात हेही यश धरतात. मानेचा काळपटपणा अजून आहे, पण आता तिला कुणी घासत नाही.

सराव सगळीकडे पसरला नाही. क्लासच्या कोपऱ्यावरच्या बेकरीतला क्रीमरोल आणि शाळेच्या फाटकासमोरचा वडापाव यांवर त्याचा परिणाम दिसला नाही. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत असा केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पण गाडी त्या फाटकासमोरच उभी असते. एका मुलाच्या मनावर केलेलं काम त्या गाडीची जागा बदलू शकत नाही, आणि मुलांवर सगळा भार टाकणंही मला न्याय्य वाटत नाही.

पुढच्या वेळी काय वेगळं

दुकानात लवकर जाणं. खोलीतल्या बैठका मुलाचा विश्वास बसेपर्यंत पुरतात, त्यापुढे त्या वाढवण्यात फायदा नाही. खूण जिथे आहे तिथेच बसायला हवं.

सरावात पहिल्यापासून दोन-तीन वेगळे पदार्थ. फक्त शेवेवर काम केल्यामुळे बेकरी बाजूला राहिली. मुलाच्याच यादीतून एक गोड, एक तळलेला, एक बाहेरचा असे पदार्थ निवडले तर नवी जोड जास्त ठिकाणी उपयोगी पडण्याची शक्यता वाढते.

सणांचा आराखडा आधीच. गणपती, दिवाळी, लग्नसराई यांच्या तारखा सगळ्यांना माहीत असतात. त्या दिवसांत नवा सराव नको, फक्त तीन गोष्टी टिकवायच्या : पाचचं खाणं, झोप, आणि वही. आता दहावीचं वर्ष आहे, क्लास वाढणार, म्हणून डब्याची वेळ आणि जागा आम्ही जूनमध्येच ठरवून घेतली आहे. यंदा फराळाच्या दिवसांत अथर्व पॅकिंगऐवजी ऑर्डरींच्या नोंदी आणि फोन सांभाळणार आहे. ही कल्पना त्याच्या वडिलांची.

आणि पालकांसाठी एक काळजीची सूचना. हे वाचून कुणी मुलासमोर बर्फीचं ताट ठेवून "बघू, राहवतं का" असं करू नये. सरावात मूल पोटभर जेवलेलं असतं, ते स्वतः तयार असतं, हवं तेव्हा थांबू शकतं, आणि खाल्लं तरी रागावणारं कुणी नसतं. यातली एक गोष्ट जरी नसेल तर ती फक्त मुलाची परीक्षा होते. मूल चोरून खात असेल, जेवण टाळत असेल, उलट्या काढत असेल किंवा स्वतःच्या शरीराचा तिरस्कार करत असेल, तर घरी काहीही करून पाहण्याआधी बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांना दाखवावं.